अंतर राखणे आणि दूर लोटणे

शास्त्रपाठ : गणना 12:9-15, मार्क 7:9-13, 1 तीमथ्य 5:3-8

"पाळकसाहेब, शेवटच्या घटकेला मी आईला हातसुद्धा लावला नाही. हे पाप माझ्या माथी आहे काय?"

खडकवासला येथे धरणाच्या अलीकडे राहणाऱ्या एका बंधूंनी 2021 सालच्या मे महिन्यात मला हा प्रश्न विचारला. त्यांची आई नगरकडील एका खेड्यातली, तेथील जुन्या मंडळीत बाप्तिस्मा पावलेली, ऐंशीच्या घरातली विधवा बाई. खुब्याचे हाड मोडल्यापासून तिला जिना चढवेना. मुलाची खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि तो व सूनबाई दोघेही कामावर जाणारी. तेव्हा 2018 साली तिला त्याच बाजूच्या एका वृद्धाश्रमात ठेविले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या आश्रमात प्रथम एका म्हातारीस ताप आला, आणि आठवड्याच्या आत तिच्या खोलीतील इतर चौघीही आजारी पडल्या. आश्रमाने फाटक बंद केले. हे बंधू रोज कामावरून सुटले म्हणजे फाटकाशी येऊन उभे राहत. आतील मावशी तोंड झाकून बाहेर येत व "आज पेज घेतली" किंवा "आज काही घेतले नाही" एवढे लांबूनच सांगून परत जात. सहाव्या दिवशी आईस इस्पितळात नेले. तेथून तिचा देह बांधलेल्या स्थितीतच कबरस्तानात आला.

गावाकडील भावकीने तेव्हा दोन गोष्टी बोलून दाखविल्या. एक, ह्याने आईला टाकले. दुसरी, टाकले म्हणूनच देवाने हे दुखणे पाठविले. ह्या दोन वाक्यांनी त्या मनुष्याचे काळीज पोखरून टाकले होते.

मी त्यांस त्या दिवशी "नाही, हे पाप नव्हे" असे म्हटले, प्रार्थना केली आणि उठलो. पुढे विचार करता माझे मलाच वाटू लागले की, ते उत्तर खोटे नसले तरी अर्धे होते. उरलेले अर्धे देण्याचे धैर्य मला त्या वेळी झाले नाही. प्रस्तुत पाठ त्या अर्ध्या उत्तराची पुरवणी होय. आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ मंडळ्यांत आता एकदोन तरी म्हातारी माणसे अशा आश्रमांत राहत असतात, आणि साथी काही संपलेल्या नाहीत. म्हणून उपदेशकांनी हा विषय मंडळीपुढे अवश्य घ्यावा.

प्रथम दुखण्याचे स्वरूप समजून घेऊ. विषाणू हा साध्या जंतूहून पुष्कळ सूक्ष्म असतो, आणि नेहमीच्या सूक्ष्मदर्शक यंत्रातूनही तो दिसत नाही. तो आपल्या बळावर वाढू शकत नाही. कोणाच्या तरी शरीरातील पेशीत शिरावे आणि तेथे आपली संख्या वाढवावी, एवढाच त्याचा उद्योग. अशा विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था 1952 सालापासून पुण्यातच आहे. महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्णही 9 मार्च 2020 रोजी पुण्यातच आढळले. हा विषाणू श्वासाबरोबर, बोलण्याबरोबर, खोकल्याबरोबर आणि मोठ्याने गाण्याबरोबरही बाहेर पडतो. ज्याच्या अंगात तो आहे त्यास पुष्कळदा आपण आजारी आहो ह्याची वार्ताही नसते. धट्टाकट्टा नातू आजीस भेटावयास जातो, तिच्या गालाचा मुका घेतो, आणि जे दुखणे त्यास जाणवलेही नाही ते तिच्यापाशी ठेवून येतो.

आता वृद्धाश्रमाची रचना पाहा. चार-सहा खाटा एका खोलीत, जेवणाचे घर एक, नहाणीघर समाईक. ज्या मावशी एकीस भरवितात त्याच दुसरीचे अंग पुसतात व तिसरीस कुशीवर वळवितात. जेथे सेवा अधिक तेथे स्पर्शही अधिक, आणि दुखण्यास हीच वाट सापडते. 2021 सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातील खडवलीजवळच्या सोरगाव येथे, मातोश्री वृद्धाश्रमातील 62 वृद्धांस कोरोनाचा संसर्ग झाल्याचे तपासणीत आढळून आले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या होत्या. आश्रमातील नोकर व त्यांची घरची माणसे मिळून आणखी पाच जण बाधित निघाले, आणि त्यांत दीड वर्षाची एक मुलगी होती. सर्वांस ठाण्याच्या सरकारी रुग्णालयात हलविण्यात आले. ऐंशी वर्षांची आजी आणि दीड वर्षाचे लेकरू ह्यांस एकाच छपराखाली एकाच आठवड्यात गाठणारा हा रोग कोणाच्या पापपुण्याचा हिशेब पाहून आला, असे म्हणण्याचे धाडस आपणांपैकी कोण करील? जन्मांधाविषयी शिष्यांनी असाच प्रश्न विचारला तेव्हा प्रभूने काय उत्तर दिले, ते योहानाच्या नवव्या अध्यायात काढून वाचावे.

"लस घेऊनही दुखणे आले, मग लस कशाला?" असे पुष्कळ जण विचारतात. लस म्हणजे शेताभोवतीचे काटेरी कुंपण. उंदीर त्यातूनही शिरतो, परंतु गुरे शिरून सारे पीक लोळवीत नाहीत. साठ वर्षांवरील लोकांस ही लस 1 मार्च 2021 पासून मिळू लागली. आमच्या त्या बहिणीस पहिली मात्रा मिळण्यापूर्वीच दुखण्याने गाठले.

आता मुख्य पाठाकडे वळू. गणना ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मिर्यामेचे वृत्त आहे. सेमिनरीत असताना लेवीय व गणना ह्या पुस्तकांचे तास मी जांभया देत ऐकले, हे कबूल केले पाहिजे. इतकी वर्षे पाळकपण केल्यावर ह्याच अध्यायाने मला अडवून धरले. मिर्याम ही मोशे व अहरोन ह्यांची बहीण. निर्गमाच्या सातव्या अध्यायात फारोपुढे उभे राहताना मोशेचे वय 80 व अहरोनाचे 83 दिलेले आहे. लव्हाळ्याच्या पेटीवर नजर ठेवून नदीकाठी उभी राहिलेली ती बहीण मिर्यामच असे धरले, तर ह्या प्रसंगी ती नव्वदीला टेकलेली असावी. म्हणजे घरातील सर्वांत वडील बाई. तिच्या अंगावर महारोग उठला. अहरोन गयावया करू लागला, मोशेने देवाचा धावा केला, आणि तरीही आज्ञा झाली ती हीच की, तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवावे.

ह्या ठिकाणी दोन गोष्टी नीट पाहा. पहिली, तिला बाहेर ठेवण्यास मुदत होती. सात दिवस, आणि मग आत. दुसरी गोष्ट पंधराव्या वचनाच्या शेवटी येते, आणि आपण ती सहसा वाचीत नाही. मिर्यामेस परत आत घेईपर्यंत लोकांनी कूच केले नाही. ह्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील मोजणीप्रमाणे लढाईस योग्य असे पुरुषच 6,03,550 होते. बायका, लेकरे व गुरेढोरे निराळी. एवढा लोकसमुदाय हसेरोथाच्या रानात तंबू न हालविता एका आजारी म्हातारीसाठी थांबून राहिला. तिला कोणी शिवले नाही, पण तिला मागे सोडून कोणी पुढेही गेले नाही. अंतर राखणे आणि दूर लोटणे ह्यांतील भेद मला ह्याहून स्पष्ट अन्यत्र कोठे सापडला नाही. (मिर्यामेचे दुखणे शिक्षा म्हणून आले होते हे खरे. परंतु एका वृत्तावरून प्रत्येक रोग्यास शिक्षापात्र ठरविणे हा शास्त्राचा दुरुपयोग होय.)

हा भेद आपल्या लोकांस समजावून सांगणे सोपे नाही, ह्याचे कारण आपण सर्व जाणतो. आपल्यापैकी बहुतेकांचे आजेपणजे गावकुसाबाहेर राहिले. "शिवू नको", "लांब हो", हे शब्द त्यांनी जन्मभर ऐकले. त्या अंतरास सात दिवसांची मुदत नव्हती, आणि त्यांच्यासाठी कोणी तंबू थांबवून धरिले नव्हते. म्हणून डॉक्टर "जवळ जाऊ नका" असे म्हणतो, तेव्हा आपल्या म्हाताऱ्या माणसांस त्यात जुना विटाळच ऐकू येतो, आणि आपल्या मनासही टोचणी लागते की, ज्या स्पर्शासाठी आपण ख्रिस्ताचे नाव घेतले तोच आपण आपल्या आईस नाकारीत आहो. उपदेशकांनी ही गोष्ट दडपून नेऊ नये. ती मोकळेपणाने बोलावी आणि मग दाखवून द्यावे की, विटाळ माणसाच्या जन्मास चिकटविलेला असतो, संसर्ग हा शरीराचा थोड्या दिवसांचा प्रसंग आहे. विटाळ मानणारा स्वतःस शुद्ध समजून लांब होतो. संसर्गात आपण लांब होतो ते "कदाचित मीच रोग नेत असेन" अशा भीतीने.

अंतरातील प्रेम गेले म्हणजे काय होते, हे पुणे शहराने 1897 साली पाहिले आहे. त्या वर्षीच्या प्लेगात सरकारने रोग्यांस निराळे करण्याची मोहीम चालविली. प्लेगाचा जंतू निराळा व त्याची चालही निराळी, परंतु वेगळे ठेवण्याचा विचार मुळात चुकीचा नव्हता. मात्र गोरे शिपाई घरांत शिरून झडत्या घेऊ लागले, माणसांस ओढून छावण्यांत नेऊ लागले, आणि परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले. रोग्यांची व्यवस्था कशी होते ह्याविषयी पंडिता रमाबाई ह्यांनीही त्या वेळी वृत्तपत्रातून तक्रार मांडली होती. आणि त्याच साथीत, त्याच पुण्याच्या शिवारात, सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई फुले मुंढव्याकडील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन हडपसरच्या बाजूस आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. 10 मार्च 1897 रोजी प्लेगानेच त्यांचा अंत झाला. त्या आपल्या मंडळीच्या नव्हत्या, तरी त्यांच्या अध्यापनाच्या शिक्षणात नगर येथील मिस फरार ह्या मिशनच्या बाईंचा हात होता, हे आपल्या वाचकांस ठाऊक असावे. तो दवाखाना वस्तीपासून दूर माळावर होता. म्हणजे अंतर तेथेही होते, पण रोग्यास त्या अंतरापर्यंत पोहोचविणारी पाठही होती.

येथवर त्या बंधूंच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर झाले. फाटकाबाहेर उभे राहणे हे पाप नव्हे. आत शिरण्याचा हट्ट त्यांनी केला असता, तर शेजारच्या खाटेवरील दुसऱ्या कोणाची आई त्यास बळी पडली असती. दहा कुष्ठरोगी दूर उभे राहिले होते आणि प्रभूने त्यांस दुरूनच शब्द दिला. कफर्णहूमच्या अंमलदाराचा मुलगा तर प्रभूने पाहिलासुद्धा नाही. प्रभूचा हात जेथे लागला तेथे बरे करणे झाले, आणि जेथे हात पोहोचला नाही तेथे शब्दाने झाले. फाटकातून पाठविलेला निरोप, मावशीने आईच्या कानाशी धरलेला टेलिफोन, स्वच्छ धुतलेले लुगडे, वाचावयाचा चष्मा, ह्यांस आपण कमी लेखू नये.

आता उरलेले अर्धे. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू शास्त्र्यांस कुर्बानाविषयी बोलतो. आईबापांस देण्याजोगे जे काही होते ते देवास वाहिले, असे एक शब्द उच्चारून सांगावयाचे आणि त्यांच्या पोषणातून मोकळे व्हावयाचे, अशी ती युक्ती. शब्द पवित्र, काम निर्दय. प्रिय वाचकहो, गेल्या काही वर्षांत "संसर्ग" हा शब्द आपल्यापैकी कित्येकांचा कुर्बान झाला आहे. फाटके बंद होती तेव्हा आपण थांबलो, ते योग्यच होते. परंतु फाटके उघडली, जागतिक आरोग्य संघटनेनेही 5 मे 2023 रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, आणि तरीही "आम्ही तेथे जाऊन उगीच काही रोग द्यावयाचा" असे म्हणणारी मुले मी पाहिली आहेत. हेच लोक लग्नाच्या मांडवात दोनशे माणसांत बसून जेवतात! रोगाने घातलेले अंतर आणि सोयीने वाढविलेले अंतर ही दोन्ही बाहेरून सारखी दिसतात. कोणते कोणते आहे हे ज्याचे त्याने आपल्या मनाशी पाहावे.

पौल तीमथ्यास लिहिताना विधवांच्या पोषणाचा भार प्रथम मुलांवर व नातवंडांवर टाकतो, मंडळीवर नव्हे, आणि घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी तो फार कडक शब्द वापरतो. सरकारचा कायदाही येथे त्याच्या बाजूस आहे. 2007 सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्याप्रमाणे वृद्ध आईबाप प्रांताधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. ज्यांच्यावर वृद्धांचा सांभाळ सोपविलेला आहे त्यांनी त्यांस कायमचे टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आईस आश्रमात ठेवणे म्हणजे टाकणे नव्हे. मोडलेल्या खुब्याच्या बाईस दुसऱ्या मजल्यावर कुलूप लावून कामावर जाण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. परंतु पैसे भरल्याची पावती म्हणजे भेट नव्हे.

उपदेशकांस व बायबल बायांस काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे अवश्य आहे. मंडळीच्या वहीत आश्रमात राहणाऱ्या सभासदांची नावे "गावी नाहीत" म्हणून खोडलेली असतील, तर ती पुन्हा लिहून काढावी व त्यांच्या भेटीचा महिना नेमावा. भेटीस जाणाऱ्यास सर्दी, खोकला, ताप, जुलाब ह्यांपैकी काहीही असेल तर त्याने त्या दिवशी जाऊ नये. उपदेशक घरोघर फिरतो, हात हाती घेतो, गातो. भक्तीच्या भरात तोच रोग वाहून नेणारा होऊ शकतो. भेट शक्य तर मोकळ्या ओसरीत किंवा उघड्या खिडकीशी घ्यावी. साथीच्या दिवसांत तोंडावर मुखपट्टी असावी. वृद्धांस दुखणे येते तेव्हा ताप येईलच असे नाही. एकाएकी भलतेच बोलू लागणे, अन्न नकोसे होणे, उठताना पडणे, दिवसभर गुंगीत राहणे, ही पुष्कळदा पहिली लक्षणे असतात, आणि "वय झाले" म्हणून ती सोडून दिली जातात. बोटास लावावयाच्या ऑक्सिमीटरवर आकडा 94 च्या खाली गेला तर डॉक्टरास ताबडतोब कळवावे. फ्लूची लस वर्षातून एकदा द्यावयाची असते, तिच्याविषयी आश्रमात विचारपूस करावी.

आमच्या भागास आणखी एका गोष्टीची आठवण ताजी आहे. 2025 सालच्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला ह्या पट्ट्यात गुलियन-बारे नावाच्या, हातापायांचे बळ हरण करणाऱ्या आजाराचे बरेच रोगी निघाले. तो आजार एकापासून दुसऱ्यास लागत नाही. परंतु काही रोग्यांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू व काहींत नोरोव्हायरस सापडला. ह्यांपैकी नोरोव्हायरस हा मोठा संसर्गी विषाणू. ओकाऱ्या व जुलाब लावून तो वृद्धांच्या शरीरातील पाणी झपाट्याने काढून घेतो, आणि वृद्धाश्रमांत त्याचा फैलाव फार लवकर होतो. हातावर चोळावयाच्या अल्कोहोलच्या औषधाचे त्यापुढे फारसे चालत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात नीट धुतले पाहिजेत, आणि पाणी उकळून प्यावे. मीठसाखरेच्या पाण्याची पुडी प्रत्येक उपदेशकाच्या पिशवीत असावी.

आणि त्या मावशींची आठवण ठेवा. आमच्या त्या बहिणीस शेवटचे दिवस ज्यांनी पेज भरविली, त्यांच्याही घरी लेकरे होती, आणि पगार बेताचाच होता. आपल्या किती मंडळ्यांनी अशा एखाद्या बाईसाठी नाव घेऊन प्रार्थना केली, किंवा नाताळात तिच्या घरी फराळाचे ताट पाठविले?

हा पाठ छापावयास देण्यापूर्वी मी तो त्या बंधूंस वाचून दाखविला आणि त्यांची परवानगी घेतली. मिर्यामेच्या वृत्तापर्यंत ते मान हालवीत ऐकत होते. कुर्बानाच्या भागाशी आलो तेव्हा त्यांनी मला हात करून थांबविले. "साहेब," ते म्हणाले, "2019 च्या नाताळात तिला चार दिवस घरी आणायचं ठरलं होतं. पाहुणे आले, खोली लहान, म्हणून नाही आणली. तेव्हा रोग कुठे होता?" मी काही बोललो नाही. काही वेळाने त्यांनी डोळे पुसले व पुढे वाचावयास सांगितले.